घटक ६ : व्यावसायिक परिचयलेखन – नेतृत्व व विविधता सल्लागारांच्या चमूच्या संदर्भात

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला व्यावसायिक परिचय हा एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून ओळखता येईल. ‘पार्श्वभूमी’ या शब्दातील अर्थच्छटा उलगडून दाखवता येतील. परिचयाच्या वाक्यांतील आदर, लिंग आणि कर्तृत्व यांची व्याकरणिक मांडणी तपासता येईल, तसेच एखाद्या सल्लागार संस्थेतील सदस्यांचा परिचय नेमक्या मराठीत लिहिता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, उपयोजित मराठीच्या या पुस्तिकेत आपण आतापर्यंत अर्ज, इतिवृत्त, अहवाल आणि निवेदन यांचा अभ्यास केला. परिचयलेखन त्यांच्याच कुळातले असले तरी आपल्याकडे त्याला एक वेगळी सवय जडलेली आहे. गावातील वाचनालयाचा वर्धापनदिन असो वा महाविद्यालयातील स्नेहसंमेलन, प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणारी व्यक्ती व्यासपीठावर उभी राहिली की विशेषणांचा वर्षाव सुरू होतो. ‘हरहुन्नरी’, ‘अभ्यासू’, ‘मनमिळाऊ’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्वाचे धनी’ हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत, की ते कोणाबद्दल वापरले याची आठवणही राहत नाही. गौरव हाच अशा परिचयाचा हेतू असतो आणि समारंभापुरता तो क्षम्यही आहे. व्यावसायिक परिचयाचा वाचक मात्र वेगळा असतो. त्याला निर्णय घ्यायचा असतो. या माणसांना आपल्या कार्यालयात बोलवावे का, आपल्या सहकाऱ्यांपुढे उभे करावे का, आपले प्रश्न त्यांच्याजवळ मोकळेपणाने मांडावेत का, हे ठरवण्यासाठी तो परिचय वाचत असतो.

या घटकासाठी नेतृत्व आणि विविधता या विषयांवर संस्थांना सल्ला देणाऱ्या चमूचे उदाहरण निवडले आहे. ही निवड सहेतुक आहे. वैद्य, अभियंता किंवा सनदी लेखापाल यांचा परिचय लिहिणे त्या मानाने सोपे, कारण पदवी आणि परवाना पुष्कळ काही सांगून जातात. विविधतेचा सल्लागार होण्यासाठी असा एकच ठरलेला मार्ग नाही. कोणी मानसशास्त्रातून येते, कोणी कायद्यातून, कोणी शाळेतून, कोणी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागातून, कोणी चळवळीतून. म्हणून या क्षेत्रात परिचयावर फार मोठा भार पडतो. परवान्याने जे सिद्ध होत नाही, ते भाषेने सांगावे लागते.

६.३ ‘पार्श्वभूमी’ : एक शब्द, दोन अर्थ

‘पार्श्वभूमी’ हा शब्द मराठीत चित्राच्या आणि नाटकाच्या संदर्भात मागचा पडदा किंवा मागची बाजू अशा अर्थाने येतो. व्यक्तीच्या संदर्भात तो वापरला की त्याचे दोन अर्थ होतात. ‘त्यांची पार्श्वभूमी कायद्याची आहे’ या वाक्यात शिक्षण आणि व्यवसाय अभिप्रेत आहे. ‘त्यांची पार्श्वभूमी लक्षात घेता’ असे कोणी आवाज किंचित खाली आणून म्हटले, की बहुधा जात, वर्ग किंवा गाव सुचवायचे असते आणि तो शब्द उच्चारायचा नसतो. समीक्षेत ‘लेखकाची सामाजिक पार्श्वभूमी’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास वाचतो. तिथे तो अभ्यासाचे साधन असतो. दैनंदिन बोलण्यात तो अनेकदा आडपडदा असतो.

विविधतेच्या सल्लागाराच्या परिचयात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. एखादी दृष्टिहीन व्यक्ती अपंगत्व आणि रोजगार या विषयावर सल्ला देत असेल, तर तिचे दृष्टिहीन असणे ही खासगी बाब मानायची की व्यावसायिक पात्रता? माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जगलेला अनुभव हे ज्ञान आहे, हे निःसंशय. पण तो अनुभव आपोआप इतरांना शिकवण्याचे कौशल्य होत नाही, आणि ज्याला तो अनुभव नाही त्याचा अभ्यास त्यामुळे खोटा ठरत नाही. परिचयाने यांपैकी काय आहे ते स्पष्ट लिहावे: हा अनुभव जगलेला आहे, हा अभ्यास केलेला आहे, हे काम प्रत्यक्ष केलेले आहे. आणि पहिल्या प्रकारची माहिती द्यायची की नाही, हे केवळ त्या व्यक्तीने ठरवावे. परिचय लिहिणाऱ्याने आडनावावरून, पेहरावावरून किंवा ऐकीव माहितीवरून ती भरू नये.

येथे आपल्याकडील एक विसंगती नोंदवली पाहिजे. भारतात प्रतिनिधित्वाचा प्रश्न संविधानाने जातीच्या संदर्भात स्पष्टपणे मांडला. अनुच्छेद १६(४) राज्याच्या सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी आरक्षणाची मुभा देतो. मात्र खासगी कंपन्यांत ‘विविधता’ हा शब्द आला की चर्चा मुख्यतः स्त्री-पुरुष प्रमाणाची होते, आणि जात ‘पार्श्वभूमी’ या शब्दामागे सरकते. सल्लागारांचे परिचय वाचताना कोणती विविधता बोलली जाते आणि कोणती गाळली जाते, याकडे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष ठेवावे.

६.४ एक जुना चमू : कनेक्टिकट, १९४६

नेतृत्व प्रशिक्षण आणि भेदभावाविरुद्धचे काम यांची गाठ प्रथम कोठे पडली, हे पाहू गेल्यास अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन या गावी जावे लागते. १९४६ च्या उन्हाळ्यात तेथे एक कार्यशाळा झाली. वांशिक व धार्मिक भेदभाव कमी करण्याचे काम ज्यांना आपापल्या वस्तीत, शाळेत, संस्थेत करायचे होते, त्यांना गटाचे नेतृत्व शिकवावे असा तिचा हेतू होता. राज्याचा आंतरवांशिक आयोग तिच्या आयोजकांत होता. सहभागींमध्ये शिक्षक आणि समाजकार्यकर्ते यांचा भरणा होता.

ही कार्यशाळा घेणाऱ्यांची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. कर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ. त्यांची डॉक्टरेट बर्लिन विद्यापीठाची. ज्यू असल्याने नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. आयोवा येथे असताना त्यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह मुलांच्या छोट्या मंडळांवर प्रयोग केले, आणि हुकूमशाही, लोकशाही व मोकाट सोडणारे असे नेतृत्वाचे तीन प्रकार गटाच्या वागण्यावर कसे परिणाम करतात ते तपासले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास नेतृत्वविषयक संशोधनात आजही उल्लेखला जातो. लिपिट हे लेविन यांचे विद्यार्थी. तेही न्यू ब्रिटनला होते. लेलंड ब्रॅडफर्ड प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रातून आले होते. केनेथ बेन शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. एक निर्वासित मानसशास्त्रज्ञ, त्यांचा शिष्य, एक प्रौढशिक्षणतज्ज्ञ आणि एक तत्त्वचिंतक अशा चौघांचा हा मेळ. आपण सर्व प्रौढ विद्यार्थी आहात, म्हणून ब्रॅडफर्ड यांचे या चौघांत असणे मुद्दाम अधोरेखित करावेसे वाटते. मोठ्या माणसांना शिकवताना त्यांच्या अनुभवालाच पाठ्यवस्तू मानावे लागते, ही प्रौढशिक्षणाची दृष्टी पुढे या क्षेत्राचा कणा झाली.

कार्यशाळेत घडलेला एक प्रसंग या क्षेत्राच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. दिवसभराच्या गटचर्चांची निरीक्षणे संशोधक टिपून ठेवत आणि संध्याकाळी आपसांत त्यांवर बोलत. काही सहभागींनी या बैठकीला बसण्याची परवानगी मागितली आणि लेविन यांनी ती दिली. मग आपल्याविषयीची निरीक्षणे ऐकताना सहभागी मध्येच म्हणू लागले, की असे घडले नव्हते, माझा हेतू निराळा होता. संशोधकाची नोंद आणि ज्याच्यावर नोंद झाली त्याचे म्हणणे समोरासमोर आले. त्या संध्याकाळच्या बैठका दिवसाच्या सत्रांहून अधिक शिकवणाऱ्या ठरल्या. आज ज्याला आपण प्रशिक्षणाच्या भाषेत ‘फीडबॅक’ म्हणतो, त्याचे हे एक उगमस्थान मानले जाते. (‘प्रत्याभरण’ हा पारिभाषिक शब्द कोशात आहे, कार्यालयात मात्र फीडबॅकच चालतो, आणि त्यात वावगे काही नाही.)

लेविन फेब्रुवारी १९४७ मध्ये निवर्तले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेन राज्यातील बेथेल येथे उरलेल्या तिघांनी अशा गटप्रशिक्षणाची कायम व्यवस्था उभी केली. ही परंपरा भारतात उदय पारीक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी आणली. पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७५ मध्ये मुंबईस्थित लार्सन अँड टुब्रो या कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था आखून दिली. आपल्याकडील मनुष्यबळ विकासाच्या इतिहासातील तो महत्त्वाचा टप्पा समजला जातो.

६.५ पार्श्वभूमी आणि उपाय

वरील इतिहास सांगण्याचे कारण असे, की सल्लागाराची पार्श्वभूमी ही परिचयातील शोभेची बाब नसते. समस्येचे निदान तो कोठे करणार आणि उपाय कोठे शोधणार, हे तिच्यावरून बरेचसे ठरते.

१९६० च्या दशकानंतरच्या अमेरिकेतील तीन व्यक्ती घेऊ. जेन एलियट आयोवातील रायसव्हिल या छोट्या गावात तिसरीच्या वर्गाला शिकवत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, त्यांनी वर्गातील मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि एका गटाला वरचढ, दुसऱ्याला कनिष्ठ वागणूक दिली. नंतर गटांची अदलाबदल केली. पुढे हाच पाठ त्या प्रौढांसाठी आणि संस्थांसाठी घेऊ लागल्या. शिक्षिकेने शोधलेला हा उपाय आहे: भेदभाव समजावून सांगू नका, वर्गात अनुभवायला लावा. प्राइस कॉब्स हे सॅन फ्रान्सिस्कोतील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. विल्यम ग्रिअर यांच्यासह त्यांनी कृष्णवर्णीयांच्या क्रोधाची मानसिक मीमांसा करणारे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि नंतर ते व्यवस्थापन सल्ल्याकडे वळले. त्यांचा भर मनात दडलेले गटासमोर बोलते करण्यावर होता. तिसरे रूझवेल्ट थॉमस. त्यांचा अभ्यासविषय संघटनात्मक वर्तन. अटलांटातील मोअरहाउस महाविद्यालयात त्यांनी विविधतेच्या व्यवस्थापनाला वाहिलेली संस्था काढली. १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले, की वंचित गटांतील लोकांना नोकरीत घेण्यापुरते धोरण यशस्वी झाले तरी आत आलेली माणसे वर चढत नाहीत. म्हणून माणसांना बदलण्याआधी संस्थेची घडण तपासली पाहिजे.

प्रश्न एकच, पण शिक्षिका वर्ग भरवते, मनोविकारतज्ज्ञ मन उघडतो आणि संघटनशास्त्रज्ञ संस्थेच्या रचनेकडे बोट दाखवतो. यांतला कोणता उपाय अधिक लागू पडतो? अलेक्झांड्रा केलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील ७०८ खासगी आस्थापनांच्या माहितीवरून केलेला अभ्यास याबाबत उद्बोधक आहे. व्यवस्थापकांचे पूर्वग्रह दूर करण्यासाठी घेतलेली प्रशिक्षणे स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांचे व्यवस्थापनातील प्रमाण वाढवण्यात सर्वांत कमी परिणामकारक दिसली. विविधतेची जबाबदारी विशिष्ट व्यक्तीवर किंवा समितीवर सोपवणे सर्वाधिक परिणामकारक दिसले. म्हणजे परिचय वाचून चमू निवडणाऱ्या अधिकाऱ्यासमोर खरा प्रश्न उभा राहतो. सहाही सदस्य प्रशिक्षक असतील, तर उत्तर प्रशिक्षणच मिळणार. संस्थेच्या पगारपत्रकात, बढतीच्या निकषांत, तक्रारनिवारणाच्या पद्धतीत हात घालून काम केलेले कोणी त्या चमूत आहे का, हे परिचयातून कळले पाहिजे.

आपल्याकडे तर कायद्यानेच एके ठिकाणी पार्श्वभूमीला पात्रतेचा दर्जा दिला आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ नुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती लागते. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरील महिला कर्मचारी असावी, निम्म्याहून कमी महिला सदस्य नसाव्यात, आणि एक सदस्य महिलांच्या प्रश्नांशी बांधिलकी असलेल्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेली बाहेरील व्यक्ती असावी, असे तो सांगतो. विविधता सल्लागारांपैकी अनेक जण अशा समित्यांवर बाहेरील सदस्य म्हणून काम करतात. त्यांच्या परिचयात ‘महिला सक्षमीकरणासाठी कार्यरत’ असे मोघम लिहिण्याने काहीच कळत नाही. कोणत्या प्रकारच्या आस्थापनेत, किती वर्षे, कोणत्या नात्याने, हे लिहिले तर कळते. मात्र तक्रारींचा तपशील लिहू नये. चौकशीतील मजकूर आणि संबंधितांची ओळख गोपनीय ठेवण्याचे बंधन हाच कायदा घालतो.

६.६ परिचयाचे मराठी व्याकरण

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. इंग्रजीत लिहिलेला परिचय मराठीत आणताना भाषांतरकार बहुधा शब्दांशी झगडतो. माझ्या अनुभवात खरी अडचण शब्दांची नसते, व्याकरणाची असते. मराठी वाक्य व्यक्तीचा आदर आणि लिंग यांविषयी मौन पाळू देत नाही. निदान सहजासहजी नाही.

प्रथम उपाधी. एका चमूच्या परिचयपत्रकात पुरुषांपुढे ‘श्री.’ आणि स्त्रियांपुढे ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘कु.’ असे छापलेले आपण पाहिले असेल. ‘श्री.’वरून विवाहाविषयी काही कळत नाही. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. पती हयात आहे इतके ती उपाधी सांगते. ‘श्रीमती’ मराठीत दीर्घकाळ विधवेसाठी रूढ होती. शासकीय व्यवहाराने तिला सर्व स्त्रियांसाठी व्यापक केले असले, तरी घरातली वडीलधारी मंडळी अजून ती ऐकून दचकतात. म्हणजे पुरुषाचा परिचय त्याच्या कामापासून सुरू होतो, स्त्रीचा तिच्या वैवाहिक स्थितीपासून. विविधतेविषयी सल्ला देणाऱ्या संस्थेच्याच पत्रकात हे घडावे, हा विरोधाभास कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय साधा आहे: उपाधी सर्वांची गाळावी, किंवा केवळ ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘अ‍ॅड.’ अशा कामाशी निगडित उपाधी ठेवाव्यात. नावाची घडणही पाहावी. मधले नाव वडिलांचे, पतीचे, आईचे की कोणाचेच नाही, हे व्यक्तीला विचारून लिहावे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे. त्याआधी जन्मलेल्या आपल्यासारख्यांचा प्रश्न सौजन्यावर सोपवलेला आहे.

दुसरी बाब व्यवसायवाचक नामांची. संचालक–संचालिका, व्यवस्थापक–व्यवस्थापिका, लेखक–लेखिका अशा जोड्या मराठीत आहेत. ‘सल्लागार’, ‘वकील’, ‘अभियंता’, ‘डॉक्टर’ ही नामे मात्र दोहोंसाठी एकच रूप ठेवतात. ‘संचालिका’ म्हणणे कमीपणाचे आणि ‘संचालक’ म्हणणे समतेचे, असा सरसकट नियम मी करणार नाही. काही स्त्रियांना ‘संचालिका’ हा शब्द आपले असणे ठसवणारा वाटतो, काहींना तो बाजूला काढणारा वाटतो. चमूत एकच धोरण ठेवायचे तर नियम छापण्याआधी सदस्यांना विचारावे.

तिसरी आणि भाषाभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत रंजक बाब क्रियापदाची आहे. पुढील दोन वाक्ये पाहा.

‘त्या २०१० मध्ये कंपनीत रुजू झाल्या.’
‘त्यांनी २०१० मध्ये कंपनीचे काम स्वीकारले.’

पहिले वाक्य कर्तरी प्रयोगाचे. क्रियापद कर्त्यानुसार चालते, म्हणून कर्ता स्त्री आहे हे सर्वनामातून आणि क्रियापदातूनही कळते. दुसऱ्या वाक्यात प्रयोग कर्मणि आहे. ‘स्वीकारले’ हे ‘काम’ या नपुंसकलिंगी कर्माशी जुळते, आणि ‘त्यांनी’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांसाठी समान आहे. ‘त्यांना अनुभव आहे’, ‘त्यांच्याकडे जबाबदारी होती’ या रचनाही तशाच. याचा अर्थ असा, की भूतकाळातील सकर्मक क्रियापदे आणि ‘त्यांनी–त्यांना–त्यांचे’ ही मालिका वापरून आपण एखाद्याचा संपूर्ण परिचय लिंग उघड न करता, आणि आदर तसूभरही न घटवता, लिहू शकतो. ‘ते’ आणि ‘त्या’ या दोहोंपैकी कोणतेच सर्वनाम ज्यांना आपले वाटत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, आणि ती बाहेरून आणावी लागलेली नाही. आपल्या आजीच्या बोलण्यातही हीच रचना होती.

एक सावधगिरी हवी. काही सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्तरीच राहतात. ‘शिकणे’ त्यांपैकी एक. ‘त्या पुण्यात कायदा शिकल्या’ हे वाक्य लिंग सांगते, ‘त्यांनी पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतले’ हे सांगत नाही. वर्तमानकाळातील ‘आहेत’ स्वतः लिंग दाखवत नसले तरी त्याच्या मागचे ‘ते’ किंवा ‘त्या’ दाखवते. अशा वेळी नाव पुन्हा लिहावे किंवा कर्ता गाळावा. मराठीला कर्ता गाळणे सहज जमते.

६.७ नमुना आणि त्याचे परीक्षण

पुढील परिच्छेद या पाठासाठी रचलेला आहे, परंतु असे परिच्छेद आपण सर्वांनी वाचलेले असतील.

‘अत्यंत अभ्यासू व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व लाभलेल्या मॅडमना मनुष्यबळ क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव असून विविध नामांकित कंपन्यांमध्ये त्यांचे मोलाचे योगदान राहिले आहे. विविधता व समावेशन या विषयांशी त्या दीर्घकाळ निगडित असून अनेक उपक्रमांत त्यांचा सक्रिय सहभाग असतो. त्या आपल्यासोबत नेतृत्व विकासाचा समृद्ध वारसा घेऊन येतात.’

यात एकही असे विधान नाही, जे खोटे ठरू शकेल. आणि म्हणून एकही असे नाही, ज्यावर विसंबता येईल. ‘प्रदीर्घ’ म्हणजे किती? ‘योगदान राहिले’, ‘निगडित असून’, ‘सहभाग असतो’ या क्रियापदांतून कोणतीही कृती डोळ्यांपुढे येत नाही. मराठीत ‘असणे’ आणि ‘राहणे’ ही क्रियापदे अशी मऊ गादी पुरवतात, की लिहिणाऱ्याला ‘करणे’ उच्चारावेच लागत नाही. शेवटचे वाक्य तर परक्या भाषेच्या सांगाड्यावर बसवलेले आहे. वारसा कोणी घेऊन येत नाही, तो लाभतो किंवा चालवावा लागतो. आता हाच परिचय असा लिहिला तर?

‘समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर त्यांनी अकरा वर्षे एका वाहननिर्मिती कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम केले. कारखान्याने रात्रपाळीत स्त्री कामगारांना घेण्याचे ठरवले, तेव्हा वाहतूक, विश्रांतिगृह आणि पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण या तीन बाबींची आखणी त्यांनी केली. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी घरातील आजारी व्यक्तीची देखभाल केली. या काळात दोन आस्थापनांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरील सदस्य म्हणूनही काम पाहिले. चमूत मध्यम स्तरावरील व्यवस्थापकांच्या कार्यशाळा आणि बढतीच्या निकषांची तपासणी ही कामे त्यांच्याकडे आहेत.’

येथे विशेषणे जवळजवळ नाहीत. केलेल्या कामाला ‘केले’ म्हटले आहे आणि सोपवलेल्या कामाला ‘त्यांच्याकडे आहेत’. ‘नेतृत्व केले’, ‘आखणी केली’, ‘साहाय्य केले’, ‘सहभाग घेतला’ या चारांत कर्तृत्वाची उतरती भाजणी आहे. ती पाळणे म्हणजे सहकाऱ्यांच्या श्रमांशी प्रामाणिक राहणे. दहा जणांनी मिळून केलेल्या कामाला एकाच्या परिचयात ‘नेतृत्व केले’ म्हणून टाकले, की उरलेले नऊ जण भाषेतून नाहीसे होतात. नेतृत्वाचा सल्ला देणाऱ्यांच्या बाबतीत तर ही चूक विशेष खटकते.

या नमुन्यातील ‘देखभाल केली’ हे वाक्य पुष्कळांना परिचयातून काढून टाकावेसे वाटेल. आपल्यापैकी अनेकांनी शिक्षण मध्येच सोडलेले आहे. संसार, शेती, आजारपण, बदली, नोकरी यांनंतर पुन्हा पुस्तक हाती घेतलेले आहे. अशा खंडाविषयी परिचयात गप्प राहण्याची रीत आहे, आणि वाचक त्या गप्पपणाचा अर्थ आपल्या मनाने लावतो. ती वर्षे उघड करायची की नाही, हा निर्णय पूर्णपणे त्या व्यक्तीचा आहे. कोणीही कारण सांगण्यास बांधील नाही. परंतु सांगायचे ठरले, तर क्षमायाचनेच्या सुरात सांगू नये. ‘काही कौटुंबिक अडचणींमुळे करिअरमध्ये खंड पडला’ या वाक्यात खंड कर्ता आहे आणि व्यक्ती अडचणीत सापडलेली आहे. ‘चार वर्षे देखभाल केली’ या वाक्यात तिने काम केलेले आहे. माहिती तीच असली तरी वाक्याने व्यक्तीला दिलेली जागा बदलते.

६.८ स्वाध्याय

१. आपल्या परिचयातील एखाद्या संस्थेचे (शाळा, पतसंस्था, रुग्णालय, बचत गटांचा संघ) पदाधिकारी-परिचयाचे पत्रक मिळवा. त्यातील स्त्री व पुरुष सदस्यांच्या नावांपुढील उपाध्यांची नोंद करून त्यांवर दहा ओळींचे टिपण लिहा.

२. ‘शिकणे’ या क्रियापदाप्रमाणे भूतकाळातही कर्तरी प्रयोगात राहणारी आणखी तीन सकर्मक क्रियापदे शोधा आणि प्रत्येकासाठी लिंगनिरपेक्ष पर्यायी वाक्य तयार करा.

३. आपल्या कार्यालयातील किंवा गावातील एका व्यक्तीची मुलाखत घेऊन, तिच्या संमतीने, सुमारे शंभर शब्दांचा व्यावसायिक परिचय लिहा. विशेषणे दोनहून अधिक नसावीत. लिहून झाल्यावर तो त्या व्यक्तीला वाचून दाखवा. तिने जेथे ‘असे घडले नव्हते’ असे म्हटले, त्या जागा खूण करून मसुद्यासह समंत्रकांकडे पाठवा.